कोवळ्या वयातील मुलांना गुलामगिरीचा इतिहास सांगताना

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात इतिहास-शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे अमेरिकेतील गुलामगिरी, तिच्यापायी त्या देशात पडलेली फूट आणि 1861 ते 1865 या काळात तेथे झालेले यादवी युद्ध यांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही पालकांच्या मनात दोन प्रश्न आले असतील. पहिला, हे परीक्षेत किती गुणांना येते? दुसरा, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना माणसांच्या खरेदी-विक्रीच्या आणि चाबकाच्या गोष्टी सांगाव्यात तरी कशाला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : फार थोड्या गुणांना. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

आठवी-नववीतले मूल न्याय-अन्याय तोलू लागते. धाकट्याला एक लाडू जास्त का, यावर ते घर डोक्यावर घेते. ही तक्रार नुसती खोडी नसते. न्यायबुद्धी जागी झाल्याची ती खूण असते. त्या बुद्धीला आपण याच वयात खुराक दिला नाही, तर ती लाडवापुरतीच राहते. शिवाय, ज्यांनी गुलामगिरी सोसली त्यांत याच वयाची लक्षावधी मुले होती. जे त्या मुलांना सोसावे लागले, ते आमच्या मुलांनी निदान ऐकावे, एवढीच माझी मागणी आहे.

मग सुरुवात कोठून करावी? सनावळीपासून करू नये. एका मुलापासून करावी.

फ्रेडरिक डग्लस 1818 साली मेरिलँड राज्यात गुलाम म्हणून जन्माला आला. लहानपणीच त्याला बाल्टिमोर शहरात एका घरी पाठविण्यात आले. घरातील बाईंनी त्याला मुळाक्षरे शिकविण्यास प्रारंभ केला. पतीला ते कळताच त्याने शिकवणे बंद केले. गुलाम वाचू लागला की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मुलाने ते ऐकले आणि मनात गाठ बांधली : मालकाला ज्याची एवढी भीती वाटते, तीच आपल्या सुटकेची वाट असली पाहिजे. तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देई आणि बदल्यात अक्षरे शिकून घेई. 1838 मध्ये तो पळून गेला, 1845 मध्ये त्याने आपली जीवनकथा प्रसिद्ध केली आणि पुढे त्या देशातील थोर वक्त्यांत त्याची गणना झाली.

विद्यार्थी मित्रांनो, दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. दप्तर कोपऱ्यात टाकून क्रिकेटला पळताना एकदा एवढे आठवून पाहा.

दुसरी कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल. उमर बिन सईद हे आजच्या सेनेगलच्या भागातले, सुमारे 1770 साली जन्मलेले, अनेक वर्षे इल्म हासिल केलेले विद्वान गृहस्थ. 1807 साली त्यांना पकडून जहाजाने अमेरिकेतील चार्ल्सटन बंदरात आणून विकले गेले. जुलमी मालकाकडून ते पळाले, पकडले गेले आणि तुरुंगात पडले. तेथे कोळशाने त्यांनी भिंतीवर अरबी मजकूर लिहिला, तेव्हा पाहणारे थक्क झाले. गुलामाला लिहिता येते ही कल्पनाच त्यांना नवी होती! 1831 साली त्यांनी आपले आत्मवृत्त अरबीत लिहिले. त्याचा आरंभ त्यांनी सूरह अल्-मुल्कने केला आहे. सारी मालकी, सारी सत्ता अल्लाहची आहे, हे ज्या सूरहच्या आरंभीच येते, तीच एका गुलामाने निवडावी यातला अर्थ मी फोडून सांगावयास नको. त्यांना पुढे ख्रिस्ती धर्माची दीक्षा देण्यात आली. त्यांच्या मनात काय होते यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. युद्ध संपण्यापूर्वीच, गुलाम म्हणूनच, ते वारले. ते हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जतन केलेले आहे.

अशा दोन माणसांची ओळख झाली की मग आकडे सांगावेत. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी जहाजांत कोंबली गेली. त्यांतील अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. 1860 च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या 3 कोटी 14 लाख होती आणि त्यात 39 लाख 50 हजार गुलाम होते. म्हणजे आठांत एक. फळ्यावर 40 ठिपके काढावेत आणि पाच भरून दाखवावेत. मग केवळ दक्षिण कॅरोलिना राज्यासाठी पुन्हा 40 ठिपके काढून 23 भरावेत. वर्ग आपोआप शांत होतो. मात्र मुलांना मालक आणि गुलाम बनवून वर्गात नाटक करू नये. तशाने कोणाला हसू येते, कोणाचा अपमान होतो आणि मूळ गोष्ट हरवते.

आता देश का फुटला, हा प्रश्न. 1793 साली सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले आणि दक्षिणेत कापसाचे पीक अफाट वाढले. कापूस वाढला तशी गुलामांची मागणी वाढली. देशात नवी राज्ये सामील होत होती; त्यांत गुलामगिरी असावी की नसावी, यावर उत्तर आणि दक्षिण यांच्यात तंटा सुरू झाला. 1820 मध्ये तडजोड झाली, 1850 मध्ये पुन्हा झाली. दुसऱ्या तडजोडीत तर पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही पकडून परत देण्याचा कडक कायदा आला. 1857 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या दाव्यात निकाल दिला की, आफ्रिकी वंशाचा माणूस त्या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. दुखणे आत ठेवून वरून मलम लावले की काय होते, ते येथे मुलांना नीट कळते.

नोव्हेंबर 1860 मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्ष निवडून आले. गुलामगिरीचा नव्या प्रदेशांत विस्तार होऊ द्यायचा नाही, एवढेच त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. तरीही 20 डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना राज्य संघराज्यातून फुटून निघाले, आणि हळूहळू एकूण 11 राज्ये बाहेर पडली. पुढे पुष्कळांनी असे लिहिले की, हे भांडण राज्यांच्या हक्कांचे होते, गुलामगिरीचे नव्हे. अशा वेळी मी मुलांना सांगतो, माणसाने नंतर काय सांगितले ते मागाहून पाहा. त्या वेळी स्वतःच्या सहीने काय लिहिले ते आधी पाहा. मिसिसिपी राज्याने जानेवारी 1861 मध्ये फुटण्याची कारणे जाहीर केली, त्यात आपली बाजू गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे बांधलेली असल्याचे प्रारंभीच नमूद केले आहे. दक्षिण कॅरोलिनाची मोठी तक्रार तर अशी की, उत्तरेची राज्ये पळालेले गुलाम परत देत नाहीत! ही पारख एकदा हाती आली की मुलाला जन्मभर उपयोगी पडते, मग समोर निवडणुकीचा जाहीरनामा असो की गल्लीतली अफवा.

येथे एक पथ्य पाळावे लागते. उत्तर म्हणजे देवमाणसे आणि दक्षिण म्हणजे राक्षस, असा सिनेमा मुलांपुढे उभा करू नये. तोच कापूस उत्तरेच्या गिरण्यांत जात होता. गुलामगिरी असलेली चार राज्ये उत्तरेच्या बाजूलाच राहिली होती. स्वतः लिंकन 1862 च्या ऑगस्टमध्येही लिहीत होते की, आपला पहिला हेतू संघराज्य वाचविण्याचा आहे. 1 जानेवारी 1863 ची मुक्तीची घोषणाही बंडखोर प्रदेशांपुरतीच होती. तरी त्या घोषणेने युद्धाचा अर्थ बदलला, आणि लिंकनही बदलत गेले. बदलणारा माणूस मुलांना दाखवावा. पुतळ्यापेक्षा त्यापासून ते अधिक शिकतात.

आणि गुलामांना कोणी वरून स्वातंत्र्य फेकले नाही. मे 1862 मध्ये रॉबर्ट स्मॉल्स या 23 वर्षांच्या गुलाम खलाशाने काय केले पाहा. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर उतरले असताना त्याने ‘प्लँटर’ नावाची आगबोट ताब्यात घेतली, बायकामुले बोटीवर घेतली, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, ठरलेल्या शिट्ट्या देत दक्षिणेच्या किल्ल्यांसमोरून बोट नेली आणि उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. पुढे तो अमेरिकेच्या संसदेचा सभासद झाला. सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सेनेत लढले.

युद्ध 1865 च्या एप्रिलमध्ये संपत आले. त्याच महिन्यात लिंकन यांची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. या युद्धात सहा ते साडेसात लाख माणसे मेली, असे निरनिराळे अंदाज आहेत. भाऊ भावाविरुद्ध लढला. म्हणूनच मराठीत घरातल्या लढाईला दिलेला ‘यादवी’ हा शब्द येथे शोभतो. पण शिक्षकाने येथे पुस्तक मिटू नये. 1877 नंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांचे हक्क पुन्हा हिरावले गेले. मतदानाच्या हक्काला कायद्याचे बळ मिळण्यास 1965 साल उजाडावे लागले. कायदा एका दिवसात होतो, मन मात्र पिढ्यान्‌पिढ्या घेते.

‘सर, ते तिकडचे, आपला काय संबंध?’ असे एखादा मुलगा विचारतोच. संबंध आहे. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे हात पसरला. मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून कित्येकांची दिवाळी निघाली. त्या सट्ट्यातले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद यांचे. त्यांच्याच देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. आणखी एक संबंध याहून मोलाचा. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तसेच करावे अशी इच्छा व्यक्त केली. पुण्यातल्या माणसाला तिकडची बेडी तुटलेली दिसली आणि इकडची आठवली. इतिहास शिकणे म्हणजे याहून दुसरे काय?

आता एक अवघड प्रश्न. आमच्या वर्गात तो आज ना उद्या येतोच : ‘सर, मुसलमानांनी गुलाम ठेवले नव्हते का?’ ठेवले होते. हे उत्तर सरळ द्यावे. हजरत बिलाल (रजि.) यांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते, गुलामाला मुक्त करणे हे मोठे सवाबाचे काम आहे हेही सांगितले जाते, आणि ते खरेच आहे. पण तेवढे सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. मलिक अंबर इथिओपियात जन्मले, लहानपणी विकले गेले, हातोहात विकत दख्खनला आले आणि निजामशाहीचे कर्ते वजीर झाले. त्यांच्या वजिरीचा अभिमान बाळगताना ते विकले गेले होते हे विसरू नये. अमेरिकेत गुलाम आईचे मूल, ते मालकापासून झालेले असले तरी, कायद्याने गुलामच ठरे, हा फरक जरूर सांगावा. परंतु फरक म्हणजे माफी नव्हे. दुसऱ्याच्या घरातला अन्याय सर्वांनाच दिसतो. आपल्या घरातला दिसू लागला, तर तालीम झाली म्हणायची.

पालकांनो, आपल्या देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झाला. कायदा आहे, पण आपल्या चहाच्या दुकानात कप विसळणारा, आपल्या घरी भांडी घासणारा पोर आपल्याच मुलाच्या वयाचा असेल, तर हा धडा घेऊन घरी आलेले मूल तुम्हाला एखादे दिवशी विचारील, ‘अब्बा, हा शाळेत का जात नाही?’ त्या वेळी त्याला गप्प बसवू नका. शिक्षकाने मुलाला बिघडवले, असेही म्हणू नका. उत्तर द्या, आणि जमल्यास त्या पोराला हाताला धरून शाळेत घेऊन या. त्याचे नाव पटावर चढविण्याचे काम आम्हा शिक्षकांचे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे मी एकच मागतो. कोणतीही गोष्ट स्वस्त मिळाली की विचारा, ती कोणाच्या घामावर स्वस्त झाली? आणि वाचत राहा. ज्या अक्षरांसाठी डग्लसने आपला पाव दिला, ती तुम्हाला बाकावर बसून मिळत आहेत.