बुळकांडी कशी गेली



परवा गुरांचे डॉक्टर लस टोचायला आपल्या गावात येणार आहेत. काही जण म्हणतात, "त्या दिवशी गुरं रानात नेऊन बांधू." माझ्या वडिलांनीही असंच केलं होतं. त्याचं काय झालं, ते आधी ऐका.

साल १९६६. मी आठ वर्षांचा होतो. आमच्या दावणीला एक बैलजोडी होती. वैशाखात सरकारी माणसं बुळकांडीची लस टोचायला आली. वडील म्हणाले, "सुईनं बैलाला ताप येतो. ऐन नांगरटीत बैल बसला तर काय करू?" त्यांनी जोडी ओढ्यापलीकडं नेऊन बांधली.

महिन्याभरात रोग आला. आधी ताप चढला. मग तोंडात फोड आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेवटी पातळ हगवण लागली. आठ दिवसांत दोन्ही बैल गेले. मृगाचा पाऊस पडला आणि आमचं दावं रिकामं! शेजाऱ्यानं बैल टोचून घेतले होते. त्याचे बैल जगले. त्यांच्याच जोरावर आमची पेरणी झाली, पण उशिरा. पुढच्या वर्षी वडील सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहिले.

ही लस आली कुठून? १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा निघाली. रोगाचे जंतू भरवस्तीत ठेवणं धोक्याचं. म्हणून १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वरला नेली. पुढे बरेलीजवळ इज्जतनगरला तिचं मोठं ठाणं झालं. तिला आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणतात. १९८३ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मुक्तेश्वरला एडवर्ड्स नावाचे शास्त्रज्ञ होते. १९२० नंतरच्या काळात त्यांनी बुळकांडीचा जंतू एका बकरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुन्हा पुन्हा वाढवला. असं करता करता तो गाईबैलांना मारण्याइतका जोरदार राहिला नाही. त्याचीच लस झाली.

लस काम कशी करते? लसीत दुबळा केलेला किंवा मेलेला जंतू असतो. जनावराच्या रक्तात राखणदार असतात. ते या जंतूला पाहतात आणि त्याची ओळख ठेवतात. पुढे खरा जंतू आला की ते त्याला लगेच धरतात. ही तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून रोग दारात यायच्या आधीच टोचायचं. लस टोचल्यावर कधी थोडा ताप येतो, एक-दोन दिवस दूध घटतं. राखणदार जागे झाल्याची ती खूण आहे. घाबरू नका.

१९५४ साली देशभर बुळकांडीविरुद्ध मोहीम सुरू झाली. गावोगाव गुरं टोचली. १९९५ नंतर आपल्या देशात हा रोग दिसला नाही. २०११ साली तो साऱ्या जगातून गेला, असं जाहीर झालं. माणसांमधली देवी गेली, त्यानंतर लसीनं जगातून घालवलेला हा दुसराच रोग.

तुम्ही म्हणाल, "बुळकांडी गेली, मग आता लस कशाला?" अहो, तिची भावंडं अजून आहेत. लाळ्या-खुरकूत आहे. त्याची लस दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते, कारण राखणदारांना त्याची ओळख फार दिवस राहत नाही. घटसर्प आणि फऱ्या आहेत. त्यांची लस पावसाळ्याआधी घ्यायची. २०२२ साली लम्पी आला, तो तर तुम्ही डोळ्यांनी पाहिला. तेव्हा बकऱ्यांच्या देवीची लस टोचून आपण गुरं वाचवली. त्याच वर्षी हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी खास लम्पीची नवी लस तयार केली.

तर परवा एवढं करा. सकाळी गुरं घरीच बांधा. वासरंही आणा. जनावर आजारी किंवा गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लस रोग टाळते, झालेला रोग बरा करत नाही.

आणि एक काम घरी करा. वहीत जनावराचं नाव, लसीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. माझ्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. तुम्हाला आता येतं.