घर कोणाला म्हणावें?

(कोपरगांव येथें दिलेलें व्याख्यान)



घर हा शब्द पंडित लोक संस्कृत 'गृह' शब्दाकडे नेतात; तो त्यांचा अधिकार. पण 'घर' आणि 'घरिणी' हे शब्द हालाच्या गाथासप्तशतींत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतांत आहेत. हाल हा पैठणच्या सातवाहनांपैकीं राजा. आपल्या कोपरगांवाजवळून जी गोदावरी वाहते तीच पुढें पैठणला जाते. तेव्हां कुणब्याच्या तोंडचें 'घर' शुद्धच आहे, कोणी लाजूं नये.

'वाडा' या शब्दाची गोष्ट निराळी. याच कोपरगांवीं राघोबादादांचा वाडा. ते १७८३ सालीं येथेंच वारले. एका धन्याची मोठी इमारत, ती वाडा. पण गांवकुसाबाहेर पन्नास खोपटीं असलीं तरी त्या सगळ्यांना मिळून एकच 'वाडा', आणि त्याच्या आधीं जातीचें नांव! एका वाड्याचा पत्ता सांगतांना मान ताठ होई, दुसऱ्याचा सांगतांना खालीं जाई. वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलण्याचें सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें ठरविलें. बोलण्यांत मात्र जुना शब्द अजून ऐकूं येतो, आणि बोलणारांत शिकलेलेहि असतात.

आतां 'कोपी'. नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनीं या भागांत ऊस वाढला, उसामागून कारखाने आले, आणि गळिताच्या हंगामांत बीड, पाथर्डीकडील तोडणीवाले येऊं लागले. बांबू, पाचट व ताडपत्री यांची त्यांची खोप, ती कोपी. आंत शिरावयाचें तें वांकूनच. (कोपी आणि कोपरगांव कानाला सारखे लागतात म्हणून त्यांचें नातें जुळविण्याच्या भानगडींत आम्ही पडत नाहीं.) आमच्या वर्गांत हीं मुलें येतात. 'घर कोठें?' असें विचारलें तर एकहि मूल कोपीकडे बोट दाखवीत नाहीं. 'कोपी हितं, घर गावाला,' असें म्हणतात. पांच-सहा महिने जेथें जेवतात, निजतात, तापानें फणफणतात, त्याला घर म्हणावयास तीं तयार नाहींत. जेथून 'उठा' असें दुसरा म्हणूं शकत नाहीं, तेवढ्यालाच तीं घर म्हणतात. आम्हांस हा भेद मोठ्या माणसांनीं शिकण्यासारखा वाटतो.

मुकादमाच्या वहींत तर घर नाहींच. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा आला तर 'अर्धा कोयता'. उचल द्यावयाची तीहि कोयत्यावर. हत्याराच्या नांवानें कुटुंब मोजण्याची ही रीत आम्हांस पटत नाहीं. पण तेथेंहि बाईला निदान अर्धी धरतात. आपल्या गांवांतल्या पक्क्या घरांत तिला किती धरतात? माहेर हें आईबापांचें, सासर हें सासऱ्याचें. तिला आपण 'घरकरीण' म्हणतों, म्हणजे घर करणारी तीच. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा काढावा तों बहुधा एकट्या नवऱ्याचें नांव. घर पति-पत्नी दोघांच्या नांवें लावण्याचा शासननिर्णय २००३ चा आहे. येथें बसलेल्यांपैकीं कितीजणांनीं तो अंमलांत आणला, हें हात वर करून विचारण्याचें आम्ही टाळतों, कारण भगिनी समोर बसल्या आहेत.

अर्जाचा मजकूर मागच्या फळ्यावर लिहिला आहे. ज्यांना लिहितां येतें त्यांनीं स्वतःचा उतरून घ्यावा व शेजाऱ्याचाहि लिहून द्यावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे देतांना पोंच मागण्यास विसरूं नये.