सहा वर्षं पाण्यात गेली का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी क्रीडादिनी, बक्षीस समारंभात केलेले भाषण)



मला 'खेळाचे महत्त्व' हा विषय दिला आहे. तो तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. म्हणून परवा लिफ्टमध्ये ऐकलेल्या एका वाक्यावर बोलतो. आपल्या एक ताई म्हणाल्या, "सर, पोरगी उंच झाली, जिम्नॅस्टिक्स सुटलं. आता दुसरा खेळ हवा म्हणते. सहा वर्षं पाण्यात गेली की हो!" हे त्यांच्या परवानगीनंच सांगतोय.

मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. "धरसोड करू नकोस," हे मीही कितीतरी मुलांना सुनावलं. त्यातली काहींची धरसोड नव्हतीच, हे मला फार उशिरा कळलं.

रशियाची येलेना इसिनबायेवा पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करायची. पंधराव्या वर्षी उंची आड आली. ती पोल व्हॉल्टकडे, म्हणजे बांबूउडीकडे वळली. बांबूवर उलटं होऊन अंग वर फेकायचं, हवेत वळायचं, ही समज जिम्नॅस्टिक्सनं दिलेली होती आणि नडलेली उंची इथं कामी आली. 2004 आणि 2008 च्या ऑलिंपिकमध्ये तिनं सुवर्ण जिंकलं. पाच मीटर पार करणारी ती पहिली महिला.

ब्रिटनची रेबेका रोमेरो. 2004 साली अथेन्सला नौकानयनात रौप्यपदक. पाठीच्या दुखण्यानं वल्हं सुटलं, तेव्हा तिनं सायकल धरली आणि 2008 ला बीजिंगमध्ये सायकलिंगचं सुवर्ण आणलं. पायांची ताकद आणि दमसास तिनं जुन्या खेळातच कमावला होता. सायकलचं तंत्र तेवढं नव्यानं शिकायचं होतं.

आता उलटं उदाहरण. बास्केटबॉलचा राजा मायकेल जॉर्डन 1994 मध्ये बेसबॉल खेळायला गेला. चपळाई होती, मेहनतही होती. पण वेगानं वळत येणारा चेंडू ओळखायला डोळ्याला लहानपणापासून सवय लागते. दुय्यम दर्जाच्या संघातही पाच वेळांत जेमतेम एकदा त्याचा फटका लागायचा. पुढच्या वर्षी तो बास्केटबॉलकडे परतला. म्हणजे नुसती जिद्द पुरत नाही. जुन्या खेळातलं काय नव्यात चालेल, हे आधी बघावं लागतं.

आणि आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर! सैन्यातले बॉक्सर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. खांदे आणि चिवटपणा बॉक्सिंगच्या रिंगणातलाच. पण रिंगणात नाव कमावलेल्या माणसाला पाण्यात पहिल्यापासून शिकावं लागलं, आणि ते त्यांनी कमीपणा न मानता केलं. मला वाटतं, हे सगळ्यात अवघड. कालपर्यंत टाळ्या घेणाऱ्यानं आज नवशिक्यांच्या रांगेत शेवटी उभं राहायचं.

तेव्हा ताई, लेकीला पदक मिळेलच असं मी सांगत नाही. तोल, लवचीकपणा, पडून पुन्हा उठायची सवय ही तिची सहा वर्षांची ठेव आहे. ती जिथं चालेल असा खेळ शोधा, तिच्या अंगात काय आहे हे ओळखणारा प्रशिक्षक बघा आणि निदान एक वर्ष तिला शेवटून पहिली येऊ द्या. तेवढं वर्ष "आधीच्या खेळात कशी चमकत होतीस!" हे वाक्य घरात कुणी काढू नका.

माझ्या हातून ज्या मुलांवर ते वाक्य फेकलं गेलं, त्यांची आज या निमित्तानं माफी मागतो.

सर्व विजेत्यांचं अभिनंदन, आणि आज हरलेल्यांना पुढच्या वर्षासाठी शुभेच्छा. खेळ तोच असो वा दुसरा!