कांदा, शेळ्या आणि शेकडा

सहावी-सातवीच्या गणिताच्या पुस्तकात नफा-तोट्याची उदाहरणं असतात. मुलं ओट्यावर बसून ती सोडवतात आणि आपण धारा काढता काढता अर्धवट ऐकतो. पण अगदी त्याच जातीचं एक उदाहरण दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात आपल्या चाळीच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. उन्हाळ कांदा आत्ताच विकायचा, की ठेवायचा? आज हे उदाहरण आपण पाटी-पेन्सिल घेऊन सोडवू.

आधी रीत पाहू. विक्रीतून खर्च वजा करायचा, जे उरेल त्याला १०० ने गुणायचं आणि खर्चानं भागायचं. विक्रीनं भागायचं नाही. ८०० रुपयांना पडलेली वस्तू १००० ला विकली तर २०० सुटले. खर्चावर हे शेकडा २५ होतात, विक्रीवर शेकडा २०. 'आम्हाला वीसच टक्के सुटतात हो,' असं एखादा व्यापारी म्हणाला, तर तो खोटं बोलतो असं नाही. पण वीस कशावर, हे विचारून घ्यावं.

आता खर्च म्हणजे काय? दुकानदाराला बरं असतं, त्याच्याकडे खरेदीची पावती असते. आपल्याला खरेदीची किंमत स्वतःच मांडावी लागते. बियाणं, खत, औषध, मजुरी एवढं सगळेच लिहितात. घरच्या माणसांची मजुरी मात्र फार थोडे लिहितात, आणि बायकांची तर जवळजवळ कोणीच नाही! हमीभावाच्या हिशेबात ती धरली जाते. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये ठरला, तो ३२६१ रुपये खर्चावर शेकडा ५० नफा धरून. या ३२६१ मध्ये रोखीचा खर्च आणि घरची मजुरी आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज त्यात नाही. ते धरणारा आणखी एक हिशेब आहे, त्यात खर्च वाढतो आणि तोच भाव असूनही नफ्याचा शेकडा खाली येतो. हमीभावावरून वाद होतो तो बराचसा इथंच. दोन्ही बाजू 'दीडपट' म्हणतात, पण कशाच्या दीडपट?

एक गमतीचं उदाहरण घेऊ. तुम्ही आठवडी बाजारात दोन शेळ्या विकल्या, दोन्ही ६००० रुपयांना. एकीवर शेकडा २० नफा झाला, दुसरीवर शेकडा २० तोटा. एकूण काय झालं? दहातले नऊ जण म्हणतील, फिटंफाट. आता मांडून बघा. पहिलीचे ६००० म्हणजे तिच्या खर्चाचे १२० भाग, तर १०० भाग ५००० झाले. दुसरीचे ६००० म्हणजे ८० भाग, तर १०० भाग ७५०० झाले. खर्च १२,५०० आणि हातात १२,०००. म्हणजे ५०० रुपये गेले, शेकडा ४ तोटा. वीस आणि वीस सारखे दिसले, पण एक वीस लहान आकड्यावर होता आणि दुसरा मोठ्या.

आता कांद्याकडे वळू. समजा, तुमच्याकडे १०० क्विंटल कांदा आहे. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता आज हातात क्विंटलला १२०० रुपये पडतात. लागवडीला किती लागले, ते इथं बाजूला ठेवा. तो खर्च आज विकलं तरी झालेला आहे आणि ठेवलं तरी झालेला आहे. चाळ भरणं म्हणजे स्वतःचाच कांदा १२०० रुपयांनी विकत घेणं. खरेदी किंमत झाली १,२०,००० रुपये.

चार महिन्यांत कांदा सुकतो, सडतो, काही कोंब धरतो. साध्या चाळीत शंभरातले तीस जाणं नवलाचं नाही, पावसाळा दमट गेला तर याहून जास्त. ३० क्विंटल गेले असं धरू. आता भाव किती चढला म्हणजे मुद्दल सुटेल? तोंडी उत्तर येतं, शेकडा ३०. म्हणजे १५६०. पण उरलेले ७० क्विंटल १५६० नी विकले तर १,०९,२०० रुपयेच येतात. १०,८०० कमी पडले! कारण घट शंभरावर झाली आणि भरून काढायची आहे सत्तरावर. १,२०,००० ला ७० नी भागा, १७१४ रुपये येतात. भाव शेकडा ४३ चढायला हवा, तेव्हा कुठं बरोबरी.

अजून संपलं नाही. कांदा निवडायची मजुरी १२०० धरा. शिवाय घर चालवायला हातउसने घेतले असतील तर त्याचं व्याज. इथं एक ध्यानात ठेवा. बँक शेकडा १२ म्हणते ते वर्षाला, गावातला देणारा 'शेकडा दोन' म्हणतो ते महिन्याला, म्हणजे वर्षाला २४. बँकेचाच दर धरला तरी १,२०,००० वर चार महिन्यांचे ४८०० होतात. एकूण झाले १,२६,०००, भागिले ७०. भाव १८०० व्हायला हवा. शेकडा ५० वाढला, तरी पदरात एक रुपया जास्त नाही.

याचा अर्थ ठेवूच नये, असं मी म्हणत नाही. कांद्याचा भाव दुप्पट झालेला तुम्ही आम्ही पाहिलेला आहे, आणि निम्म्यावर आलेलाही. भाव कुठं जाईल ते मला सांगता येणार नाही. पण घट मात्र तुम्हाला मोजता येते. चाळ भरताना कांदा नीट सुकवून, जाळीदार पिशव्यांत ५०-५० किलोच्या दोन पिशव्या भरा, खूण करा, एक कडेला ठेवा, एक मध्यावर. दर महिन्याला सडका काढून वजन करा. शंभरातले किती उरले ते कळलं की आजच्या भावाला १०० ने गुणा आणि उरलेल्या किलोंनी भागा. १२०० चा कांदा ७५ किलो उरला तर १६००, ६० उरला तर २०००. त्यात मजुरी आणि व्याज मिळवा. तो आकडा खडूनं चाळीच्या खांबावर लिहून ठेवा आणि बाजारभाव ऐकताना त्याच्याशी ताडून बघा.