काचेवरचे सहा ठिपके



व्याख्यान सुरू झालं की फोन खिशात ठेवायला सांगतात. मी आज तो बाहेर काढायला सांगणार आहे. फोन आडवा धरा. पडदा तुमच्याकडे नको, माझ्याकडे करा. दोन्ही बाजू तळव्यांत पकडा आणि दोन्ही हातांची तर्जनी, मधलं बोट, अनामिका काचेवर टेकवा. अंगठे आणि करंगळ्या फोन सांभाळतील. मी निरोप, पत्ते आणि बँकेचा पासवर्ड असाच लिहितो. पडदा माझ्याकडे नसतो. मला त्यात पाहायचंय तरी काय!

लुई ब्रेलने १८२९ साली आपली पद्धत छापली. तिच्यात एका अक्षराला जास्तीत जास्त सहा ठिपके. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन. उजवीकडे चार, पाच, सहा. आमच्या पिढीने ते पाटी आणि स्टायलस घेऊन जाड कागदावर टोचले. एकेक ठिपका, तोही उजवीकडून डावीकडे, कारण वाचताना कागद उलटायचा. पुढे ब्रेलर हातात आला तेव्हा सुटल्यासारखं झालं. १८९२ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी सहा कळांचं यंत्र केलं. १९५१ पासूनचा पर्किन्स ब्रेलर त्याच वंशातला. पेटीवर तीन-चार सूर एकदम दाबावेत तशा कळा दाबायच्या, की पूर्ण अक्षर एका ठोक्यात उमटतं. बोटं जागेवरून हलत नाहीत, कळ शोधावी लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

बटणांचे फोन होते तोवर आमचं बरं चाललं होतं. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा असे. तो सापडला की बाकीची बटणं आपोआप सापडत. मग गुळगुळीत काच आली. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं आणि फोन बोलायला लागला, हे खरं. पण लिहायचं कसं? काचेवर बोट फिरवायचं, ‘क, ख, ग’ ऐकायचं, हवं ते अक्षर आलं की बोट उचलायचं. एका बोटाने, कान लावून. काना, मात्रा, वेलांट्यांच्या देवनागरी कीबोर्डवर तर एक ओळ लिहीपर्यंत सांगायचं होतं तेच विसरावं.

उत्तर जुन्या ब्रेलरमध्येच होतं, पण ते सुचायला २०११ उजाडलं. ॲडम ड्युरान नावाचा विद्यार्थी त्या उन्हाळ्यात स्टॅनफर्डला आला होता. ब्रेलची पानं कॅमेऱ्याने वाचून साधा मजकूर करणारं ॲप बनवायचं, हे त्याला दिलेलं काम. चौकशी करताना त्याच्या आणि मार्गदर्शकांच्या ध्यानात आलं की खरी अडचण लिहिण्याची आहे. त्यांनी टॅब्लेटवर असं केलं की बोटं टेकवा, कळा बोटांखाली येतील. डोळसांच्या कीबोर्डवर बोट कळेपाशी जातं. इथे कळ बोटापाशी आली. २०१२ च्या सुमारास जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी ‘ब्रेलटच’ हे ॲप फोनवर आणलं, पडदा समोरच्याकडे करून, जसा तुम्ही आत्ता धरलाय. २०१४ मध्ये आयओएस ८ मधून ही सोय थेट आयफोनमध्ये आली. अँड्रॉइडच्या टॉकबॅक या पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीत ती यायला एप्रिल २०२० उजाडला, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य अंधांना जवळजवळ सहा वर्षं थांबावं लागलं. स्वस्त फोनवाल्याच्या नशिबी हे असतंच.

वापरायला फार काही लागत नाही. एक बोट उजवीकडे सरकवलं की जागा सुटते, डावीकडे सरकवलं की शेवटचं अक्षर पुसलं जातं, दोन बोटं उजवीकडे नेली की नवी ओळ. फोन टेबलावर सपाट ठेवूनही लिहिता येतं.

आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल आहे, १९५१ च्या सुमारास ठरलेलं. त्यात ‘मराठी’ पाच ठोक्यांत होतं: म, र, आ, ठ, ई. काना-वेलांटीला वेगळं चिन्ह नाही, स्वरच व्यंजनामागे लिहायचा. जोडाक्षरात पाय मोडण्याची खूण, म्हणजे चौथा ठिपका, मोडायच्या अक्षराच्या आधी येते. आता गंमत ऐका. ‘ठ’ म्हणजे दोन, चार, पाच, सहा. त्यातलं दोनचं बोट जरा आळसलं, की उरतो चार-पाच-सहा, म्हणजे ‘ळ’. मराठीची ‘मराळी’ होते. आणि ‘ढ’ला सहाही ठिपके एकदम लागतात. एका वेळी पाचच बोटं ओळखणारा पडदा असला तर त्यावर सहा बोटांचा ‘ढ’ उमटायचा नाही, मग ढोल वाजवा नाहीतर ढग येऊ द्या.

लोक मला विचारतात, आता बोललं की फोन लिहितो, मग हा खटाटोप कशाला? बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तुम्ही तुमचा पासवर्ड म्हणाल का? बायकोशी झालेल्या भांडणावरची माफी म्हणाल? सहा बोटांनी मी ती मुकाट लिहितो, हेडफोन लावून, पडदा पूर्ण काळा ठेवून. शिवाय नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कळायचा कुठून? बोलून लिहिणं ही सोय आहे, साक्षरता नव्हे. असं मी मानतो, आणि यावर माझे काही मित्र माझ्याशी भांडतात.

एका गोष्टीकडे मात्र फार जणांचं लक्ष गेलेलं नाही. उतारवयात, विशेषतः मधुमेहाने, दृष्टी जाते तेव्हा अनेकदा बोटांची संवेदनाही बोथट झालेली असते. अशा माणसाला कागदावरचे ठिपके चाचपून वाचता येत नाहीत आणि ‘तुम्हाला ब्रेल जमणार नाही’ म्हणून विषय संपवला जातो. पण काचेवर चाचपण्यासारखं काही नाहीच! तिथे फक्त दाबायचं असतं. कुठलं अक्षर उमटलं ते कान सांगतो. वाचनाचं ब्रेल ज्याला दुरावलं, त्याला लिहिण्याचं ब्रेल मिळू शकतं. पुनर्वसन केंद्रांनी हे दोन धडे वेगळे करून शिकवायला हवेत.

उलट बाजूही सांगतो. काच लिहून घेते, वाचायला देत नाही. बोटाखाली ठिपके वरखाली होणारे ब्रेल डिस्प्ले आहेत, पण बहुतेकांना परवडत नाहीत. म्हणून कागद सुटलेला नाही. २००८ साली स्वागत थोरात यांनी सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक कागदावर निघालं, ते उगाच नव्हे. ज्या शाळा ‘आता फोन आहे’ म्हणून पाटी-स्टायलस कपाटात टाकतात, त्या मुलांचं नुकसान करतात. ज्याने ठिपके कधी बोटाखाली घेतले नाहीत, तो मुलगा वाचणार काय?

तेव्हा विनंती एवढीच. घरात अंध मूल असेल तर फोन घेताना त्याला दुकानात बरोबर न्या. विकत घेण्याआधी सहा बोटं एकदम टेकवून ‘ढ’ उमटतो का ते त्यालाच पाहू द्या, आणि ब्रेलच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का तेही विचारा. नसेल तर कंपनीला कळवा, पुन्हा पुन्हा कळवा. आणि फोन घरी आल्यावर मुलाचे अर्ज तुम्ही भरून देऊ नका.