परक्या शहरातले पहिले वर्ष



आमची विद्या रात्रशाळेतली आणि पुढली कारखान्याच्या फाटकावरची. तेव्हा परदेशगमनाचे गोडवे आमच्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. परक्या शहरात बिऱ्हाड कसे बसते, त्याला कोण हात देतो आणि कोण पाठ फिरवतो, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. उदाहरण घेतो इंग्लंडातल्या लेस्टर शहराचे.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला फर्मावले. त्यांत बहुसंख्य गुजराती. कित्येकांच्या दोन-तीन पिढ्या तिथे दुकानदारीत गेलेल्या. ज्यांच्याजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता, अशी सुमारे २८,००० माणसे इंग्लंडात आली. बरोबर नेऊ दिलेली रोकड जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड. काल ज्याच्या हाताखाली चार नोकर होते, तो आज बायकामुलांसह स्टॅन्स्टेडच्या विमानतळावर उतरला, तो सुती कपड्यांत आणि तोंडावर आलेल्या थंडीत.

सरकारने त्यांना रिकाम्या लष्करी छावण्यांत उतरवले. स्वयंसेविकांनी जुने कोट आणि स्वेटर वाटले. त्या अनोळखी बायांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण छावणी म्हणजे घर नव्हे. शाकाहारी घरातल्या बाईला पहिला प्रश्न पडला तो पोरांच्या ताटात वाढायचे काय हा. घर म्हणजे आपली चूल, हे तिला कुणी शिकवावे लागले नाही.

छावणीतून जायचे कुठे? सरकारी मंडळाने देशाचे दोन भाग पाडले होते : लाल भाग म्हणजे जाऊ नका, हिरवा भाग म्हणजे जा. लेस्टर लाल भागात. तिथल्या नगरपालिकेने तर सप्टेंबर १९७२ मध्ये युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे घरे नाहीत, शाळांत जागा नाही, तुम्ही येऊ नये. तरी हजारो लोक लेस्टरलाच गेले. हा हट्ट नव्हता. केनयातून आधी आलेला कुणी मावसभाऊ तिथे होता; बेलग्रेव्ह रोडच्या बाजूला डाळ-तांदूळ मिळत होते; आणि मोजे, बनियन, कपडे विणण्या-शिवण्याच्या कारखान्यांत काम होते. आपल्या कोकणातला माणूस मुंबईत उतरला तेव्हा तोही गाववाल्याचीच खोली शोधत गेला.

मग सुरू झाले ते पहिले वर्ष. नातलगाच्या अरुंद घरात दोन बिऱ्हाडे. गॅसच्या मीटरात नाणे टाकावे तेव्हा ऊब मिळायची. पोरगा शाळेतून इंग्रजी शिकून येई आणि आईबापांचा दुभाषा होई. जिने जन्मात पगार घेतला नव्हता ती बाई यंत्रावर बसली. भाडे थकले तर जायचे कुठे, ही धास्ती घरातल्या प्रत्येकाच्या पोटात. मंडळी, मालकाला परका कामगार आवडतो तो या धास्तीमुळे. तो कमी दरात राबतो, तो लाचार म्हणून नव्हे. त्याच्या पाठीशी कुणी उभे नाही म्हणून.

गोऱ्या कामगाराची भीती अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. घरांची टंचाई खरी होती. पण ती टंचाई युगांडातून आलेल्या बाईने केलेली नव्हती.

मे १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला. पूर्व आफ्रिकेतून आलेले त्यांत पुष्कळ. बोनस हिशेबात कापला जातो, आणि युनियनच्या प्रतिनिधींत आम्हांला स्थान नाही, ही त्यांची तक्रार. त्यांच्याच युनियनच्या स्थानिक पुढाऱ्याने सांगितले, की यांनी रीतसर मार्ग पाळला नाही. बहुतेक गोरे कामगार कामावर राहिले. युनियनचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना मान खाली घालावी लागते. ज्याला रीत कुणी सांगितलीच नाही, त्याला रीतीचा धाक कसला दाखवता? तीनेक महिन्यांनी संप संपला. १९७५ साली मालकांनी कारखानाच बंद केला. कुलपाने गोरा-काळा भेद केला नाही.

याउलट १९७६ साली लंडनच्या ग्रनविक फोटो कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या, तेव्हा क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी त्या कारखान्याची टपाल हाताळायचे नाकारले, आणि १९७७ साली खाणकामगार फाटकावर येऊन उभे राहिले. तो लढाही १९७८ मध्ये हरला, वरिष्ठांनी शेवटी साथ सोडली, हेही सांगितले पाहिजे. पण साडीतली बाई ही आपल्यातलीच कामगार आहे, हे इंग्लंडच्या कामगाराने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.

आज आपल्या औद्योगिक वसाहतींत बिहार-ओडिशातली बिऱ्हाडे पत्र्याच्या खोल्यांतून पहिले वर्ष काढीत आहेत. त्यांना पगाराचा कागद वाचून दाखवणारा, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा समजावणारा आणि सभासदत्वाची पावती फाडणारा माणूस पहिल्याच आठवड्यात भेटला पाहिजे. तो ठेकेदाराच्या आधी भेटला पाहिजे. हे काम भाषणाने होत नाही. त्यासाठी संध्याकाळी त्या खोल्यांपर्यंत चालत जावे लागते. तुमच्यापैकी जे येतील त्यांना आम्ही बरोबर नेऊ.