यंत्रास त्याच्याच धोक्यांविषयी विचारताना
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



चॅटबॉट, म्हणजे लिहिलेल्या प्रश्नास लिहून उत्तर देणारे यंत्र, खानदेशातील खेड्यांना आता अपरिचित राहिलेले नाही. केळीवरील करप्यास औषध कोणते, पाचवीच्या मुलांना भागाकाराची उदाहरणे कोणती द्यावीत, असे प्रश्न मोबाइलवर लिहावेत आणि क्षणार्धात नेटक्या मराठीत उत्तर यावे, हे रावेर-यावलपासून साक्री-शिरपूरपर्यंत घडू लागले आहे. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी एक पाऊल पुढे टाकतो. तो यंत्रालाच विचारतो, "तुझ्यापासून माणसांना धोका आहे काय? तुझ्यावर देखरेख कोणाची?" उत्तर इतके समंजस व विनयशील येते की विद्यार्थी ते वहीत उतरवून गुरुजींना दाखवितो आणि म्हणतो, "त्यानेच सांगितले आहे." ह्या 'त्यानेच' शब्दाची किंमत किती, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय.

ह्याचा विचार कसा करावा, ह्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या युद्धापूर्वीच्या दहाबारा वर्षांतील मूळ पत्रे त्यात आहेत. ही पत्रे बखरींशेजारी ठेवून पाहता बखरींतील सनांचे व प्रसंगक्रमाचे घोटाळे उघड झाले. बखर सर्वस्वी खोटी असते असे नव्हे. परंतु ती पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच काळाने, ऐकीव माहितीवरून आणि कोणा धन्याच्या आज्ञेवरून लिहिलेली असते. भाषा मात्र अशी ओघवती की वाचणाऱ्यास शंका येऊ नये. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले. दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. धुळे जिल्ह्यातील शिक्षकांनी मुलांना ती वास्तू एकदा अवश्य दाखवावी. मूळ कागद म्हणजे काय, हे व्याख्यानाने कळत नाही.

चॅटबॉट स्वतःविषयी जे सांगतो ते बखरीच्या जातीचे असते. अफाट लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द यावा, ह्याचा अंदाज बांधण्यास त्याला प्रथम शिकविले जाते. नंतर माणसे त्याची उत्तरे पाहून पसंती-नापसंती नोंदवितात आणि त्या पसंतीप्रमाणे त्याला वळण लावले जाते. धोक्याविषयी विचारले असता ते स्वतःच्या अंतरंगात डोकावून पाहते, असे मानण्यास आधार नाही. माणसांनी ह्या विषयावर जे लिहिले त्याचे सार, त्याला घडविणाऱ्या कंपनीच्या वळणासह, ते मांडते. खोटे आवाज व खोटी चित्रे, नोकऱ्यांवरील परिणाम, पक्षपात, खाजगी माहितीचा दुरुपयोग, ही यादी ते बहुधा ठीक देते. ती उपयोगी आहे. मात्र तिला साक्षीचे मोल नाही.

पसंतीच्या वळणातून एक दोष उद्भवतो. विचारणाऱ्याच्या मनास रुचेल ते बोलण्याकडे यंत्राचा कल होतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीत केलेली एक सुधारणा काही दिवसांतच मागे घेतली, कारण ते यंत्र अतिरेकी खुशामत करू लागले होते. हा दोष यंत्राने कबूल केल्यामुळे बाहेर आला नाही. वापरणाऱ्यांनी तो पाहिला व बोभाटा केला. कापसाच्या मोसमात काट्यालाच "तू बरोबर आहेस ना?" असे कोणी विचारीत नाही. शिक्क्याची वजने घेऊन बाहेरचा माणूस यावा लागतो.

यंत्राशी बोलताना माणूस किती लवकर विसंबतो, हे १९६६ सालीच दिसून आले होते. अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉम ह्यांनी एलायझा नावाची एक साधी संभाषणप्रणाली तयार केली. बोलणाऱ्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न करणे, एवढेच तिचे चातुर्य. ती तयार होताना डोळ्यांनी पाहणाऱ्या त्यांच्या लेखनिक बाईंनीही तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. जाणत्या व्यक्तीची ही स्थिती, तर दहा वर्षांच्या मुलाने घरचे भांडण वा आईचा आजार यंत्राला सांगितल्यास नवल कसले? शाळेची खरी काळजी येथे आहे.

देखरेखीची मूळ कागदपत्रे मात्र उपलब्ध आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ब्लेचली येथे झालेल्या घोषणेत भारतही सामील होता. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने शाळांतून विद्यार्थ्यांच्या भावना यंत्राने ओळखण्यास, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे सोडून, मनाई केली. ही मनाई फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा भर नव्या स्वतंत्र कायद्यापेक्षा प्रचलित कायद्यांवर आहे. अशा कायद्यांपैकी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावा. अठरा वर्षांखालील व्यक्ती त्यात बालक गणली आहे आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. तोवरही विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र वा आजार यंत्रात लिहू नये, हे सांगण्यास शिक्षकाला कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही.

अहिराणीसंबंधी एक गोष्ट. अहिराणीत लिखित मजकूर थोडा, म्हणून त्या भाषेत यंत्राची चूक अधिक संभवते. मुलाने घरच्या बोलीत प्रश्न केला तर उत्तर अधिक बारकाईने तपासावे. मुलास बोली सोडण्यास सांगू नये.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. एकदा "तू धोकादायक आहेस, हे खरे ना?" असे विचारावे, नंतर नवे संभाषण उघडून "तू अगदी निर्धोक आहेस, हे खरे ना?" असे विचारावे. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून कोणते विधान कोठे बदलले ते मुलांकडूनच शोधून घ्यावे. यंत्राने एखाद्या कायद्याचे नाव वा सन सांगितला असल्यास तो मूळ कायद्यात मुलांसमक्ष पाहावा. पुढील शिक्षण परिषदेस येताना शिक्षकांनी ही उत्तरे, प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्या शब्दांसह व तारीख घालून, वहीत उतरवून आणावीत.